चावी धरणारी

आमच्या महिला बराकीच्या दारावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय, 'क्षमता १८'. ते लिहिणारा रंगारी कधीच वारला असेल. त्या दिवशी सकाळी बराकीत बासष्ट बायका होत्या आणि त्यांच्यावर शिपाई म्हणून मी एकटी. पूर्वी आम्ही चौघी होतो. एक निवृत्त झाली, तिच्या जागी कुणी आलंच नाही. दुसरी बाळंतपणाच्या रजेवर गेली, मग बाळ आजारी, मग तीच आजारी. तिसरीला कैद्यांना कोर्टात ने-आण करायच्या कामाला लावलं आणि ती तिकडेच राहिली. दर महिन्याला मी माणूस मागायचा अर्ज करायचे आणि दर महिन्याला जेलर साहेब म्हणायचे, "वर पाठवलाय." हे वर म्हणजे नेमकं कुठे, ते तीस वर्षांच्या नोकरीत मला कळलेलं नाही.

नियम असा आहे, की गणतीला बराकीत शिरणाऱ्या शिपायाने चावी आत न्यायची नाही. ती बाहेर दुसऱ्या शिपायाकडे द्यायची. त्याने बाहेरून कुलूप लावायचं आणि आतून थाप पडली की उघडायचं. नियम शहाणा आहे, आतल्यांनी चावी हिसकावून घेतली तर सगळाच कारभार आटोपला. फक्त नियम करणाऱ्याने दुसरा शिपाई गृहीत धरला होता. नुसतं दार लोटून आत जावं म्हटलं तर तीही सोय नाही. इमारत एका अंगाला खचलीय, चौकट वाकडी झालीय, कडी निखळून पडलीय. दारातच बसवलेलं ते जुनं कुलूप फिरवलं तरच दार बंद राहतं, नाहीतर आपोआप उघडून भिंतीवर आपटतं.

म्हणून चौदा महिन्यांपूर्वी मी शिंपिणीला बाहेर उभं केलं.

शिंपीण म्हणजे आमचीच एक कैदी. दिराच्या खुनात जन्मठेप लागलेली, अकरा वर्षं आत. खून तिने केला की घरच्यांनी तिच्या गळ्यात मारला, हे मी कधी विचारलं नाही आणि तिने कधी सांगितलं नाही. साऱ्या जेलचे कपडे ती शिवायची, जेलर साहेबांच्या पँटची उसवलेली शिवणसुद्धा तिच्याकडेच यायची. पहिल्या दिवशी चावी हातात देताना मी दम भरला होता, "पळालीस तर बघ." ती म्हणाली, "पळून जाऊ कुठे बाई? अंगणाच्या भिंतीपलीकडची चावी तुमच्याकडे तरी आहे का?"

तेव्हापासून दिवसातून तीन वेळा कैदी बाहेर आणि शिपाई आत. ती कुलूप लावायची, दाराशी स्टुलावर बसायची. मी डोकी मोजायचे, अंथरुणं झाडायचे, तीन थापा मारायचे. ती उघडायची, चावी माझ्या हातात द्यायची आणि मुकाट्याने आत जायची. बाहेर कुणाला कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती आणि तिची सुटका लांबली असती. पण कळणार कसं? महिला विभागाकडे फिरकायला कुणाला वेळ होता?

माझ्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. घरी नवरा पाठीच्या दुखण्याने अंथरुणावर, सासूबाईंना कमी दिसतं. सलग दोन पाळ्या करून मी घरात शिरले की सासूबाई विचारायच्या, "कोण आलंय?" मी म्हणायचे, "पाहुणी." पहिल्यांदा हसल्या, नंतर नंतर हसेनात.

शिंपिणीची चांगल्या वागणुकीची सूट मंजूर होऊन सहा महिने झाले होते. कागद यायचा बाकी होता. आणि त्यातच तिच्या मुलीचं पत्र आलं. ही आत आली तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती, अकरा वर्षांत तिने एकदाही तोंड दाखवलं नव्हतं. पत्रात दोनच ओळी होत्या. 'माझं लग्न झालं. खोली लहान आहे, पण सुटलीस की इथेच ये.' शिंपिणीने ते मला तीनदा वाचायला लावलं. खोली लहान आहे यावर ती इतकी हसली, की मी रागावले.

"अहो बाई, मला दीड हात जागा पुरते. तिला कुठे ठाऊक आहे!"

दीड हात हा आमच्या बराकीचा हिशोब. एका बाईला दीड हात फरशी. रात्री निम्म्या झोपायच्या, निम्म्या भिंतीला टेकून बसायच्या, मग पाळी बदलायची. दिवसाही तेच. कुणाला कुठली जागा ते दुकानवाली ठरवायची. ही वयाने सगळ्यांत मोठी, बाहेर तिचं किराणा दुकान होतं, आणि बराकीतही ती गल्ल्यावर बसल्यासारखीच बसायची.

तर त्या दिवशी दुपारी तीनला वरच्या कचेरीतून मोठ्या मॅडम पाहणीला येणार होत्या. सकाळपासून जेलात नुसती पळापळ. भिंतींना चुना, मोऱ्यांत पावडर, आणि जेलर साहेबांचा एकच धोशा, की आकडा कमी दिसला पाहिजे. तो कमी करायला माणसं कुठून सोडणार? म्हणून कारकुनाला जुने कागद उपसायला बसवलं. तीन टेबलांचं काम करणारा एकच कारकून, त्याच्या टेबलावर कागदांचा नुसता ढीग. त्या ढिगात त्याला सुटकेचे सात हुकूम सापडले. त्यातला एक शिंपिणीचा होता आणि तो येऊन आठ दिवस झाले होते. आठ दिवस ती बाई फुकट आत बसली होती. हे मला नंतर कळलं, आणि अजूनही आठवलं की डोकं तापतं.

बाराच्या गणतीला मी शिंपिणीकडे चावी दिली आणि आत गेले. मागे कुलूप फिरल्याचा आवाज आला. आत एकसष्ट बायका, एक संडास, दोन पंखे, त्यांतला एक फिरणारा. पाहणी होती म्हणून मी झडती नीट घेत होते, अगदी शेवटच्या कोपऱ्यापर्यंत. आवाज तर असा, की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येईना. झडती संपवून मी दाराशी आले, तीन थापा मारल्या.

दार उघडलं नाही.

परत मारल्या. मग हाक मारली, "अगं ए, झोपलीस का?" मग मुठीने ठोकलं. माझ्यामागे हळूहळू आवाज कमी होत गेला आणि एकदम थांबला. बराकीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

खिडकीशी बसलेली एक बाई म्हणाली, "बाई, तिला कारकून घेऊन गेला."

"कुठे?"

"सुटली ती! कारकून आला, म्हणाला, चल, तुझा हुकूम आलाय, पाच मिनिटांत बाहेर हो, आज मला मरायला वेळ नाही. ती म्हणाली, बाईंना सांगते. तो म्हणाला, बाईंना मी सांगतो, तू चल आधी."

"आणि चावी?"

"पोलक्यात घातली वाटतं. त्याच्यासमोर काय करणार ती?"

खरंच काय करणार होती? कारकुनासमोर तिने कुलूप उघडलं असतं तर कैद्याच्या हातात चावी, हे उघड झालं असतं. दाराच्या फटीतून टाकली असती तरी तेच. फाटकाशी कुणाच्या तरी हातात गुपचूप देऊ, असा विचार करून ती निघाली असणार. पण फाटकाशी देणार कुणाला? सुटणाऱ्या बाईची झडती मी घ्यायची असते, आणि मी तर इथे बंद.

आधी बायका हसल्या. खदखदून. एकसष्टजणी हसतायत आणि मधोमध मी, खाकी साडीत, घामाघूम. तीस वर्षं ज्या दारातून मी रुबाबात आत-बाहेर केलं, त्याला पाठ लावून उभी होते. मला भीती वाटली. लपवून काय करू? यांच्यातल्या कितीतरींना मी शिव्या घातल्या होत्या, कुणाची अंथरुणं उधळली होती, कुणाची भेट रद्द केली होती. आता त्यांनी नुसतं सरकायचं ठरवलं असतं तरी मी भिंतीशी चेपले असते.

दुकानवाली उठली. सगळ्या गप्प झाल्या. ती माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघत म्हणाली, "उभ्या किती वेळ राहाल? सरका गं जरा. बाईंना दीड हात द्या."

सरकल्या. मी बसले. एकीचा गुडघा माझ्या पाठीत, दुसरीची कोपर बरगडीत, समोर संडासाचा अर्धा पडदा. त्या फरशीवर मी आयुष्यात पहिल्यांदा बसत होते. खालून ओल येत होती आणि वरून पत्र्याची धग. दहा मिनिटांत माझ्या पायांना मुंग्या आल्या. हलवावेत म्हटलं तर जागा नाही. मनात आलं, सगळ्यांनी मिळून ओरडायला सांगावं. एकसष्ट बायका ओरडल्या की फाटकापर्यंत ऐकू जाईल. दंगल झाली म्हणून भोंगा वाजेल, पण दार तरी उघडेल.

मी तोंड उघडणार एवढ्यात वकीलबाईने माझा हात धरला. ही काही वकील नव्हे. सात वर्षं खटला चाललाय, त्यात सगळी कलमं पाठ झाली, म्हणून हे नाव पडलं.

"बाई, ओरडू नका," ती म्हणाली. "जेलची चावी घेऊन बाहेर जाणं म्हणजे काय, ठाऊक आहे? चोरी. वर पळून जायला मदत. नवीन केस. तिला फाटकाबाहेरून उचलून आणतील."

"मी सांगेन ना, मीच दिली म्हणून."

"सांगाल?" दुकानवालीने विचारलं.

आठ महिने. नवऱ्याची औषधं, सासूबाईंचे डोळे, सगळं पेन्शनच्या भरवशावर. त्या दोघी माझ्याकडे बघत होत्या आणि मी फरशीकडे.

"मुलीच्या गावची गाडी दीडला सुटते," खिडकीतली बाई म्हणाली. "त्यानंतर थेट पाचला. दीडपर्यंत गप्प राहिलो तर ती निघून जाईल. मग हुडकू देत खुशाल."

मुलीच्या सासरच्यांनी आधीच नाकं मुरडली असणार. सुटल्याच दिवशी हिला पोलिसांनी धरलं असतं तर ते दार पुन्हा उघडलं नसतं, हे तिथे प्रत्येकीला कळत होतं. मला सगळ्यांत जास्त. पत्र तीनदा मीच वाचलं होतं.

"ठीक आहे," मी म्हटलं. "दीडपर्यंत."

बराकीत घड्याळ नाही, ते माझ्या मनगटावर. दर दोन मिनिटांनी कुणीतरी विचारायचं, "किती झाले?" कुणी कुजबुजत होतं, कुणी उगाच उठत-बसत होतं, कुणी बोटं मोडत होतं. फिरणारा पंखाही मध्येच थांबला. एकीला घेरी आल्यासारखं झालं तर सगळ्यांनी तिला खिडकीपाशी पुढे पुढे सरकवलं, उचलायला जागाच नव्हती. मला तहान लागली होती, पण हंड्यातलं पाणी मोजकं होतं म्हणून मागितलं नाही. दुकानवालीने न मागता अर्धा पेला पुढे केला. "घ्या. आज तुमचंही नाव आहे वाटपात." मी प्यायले. ते पाणी कोमट होतं आणि त्याला गंजाची चव होती. तीस वर्षं तोच हंडा भरून घेतलाय मी, चव आज कळली.

दीड वाजला तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला, बस्स.

दोनला दहा कमी असताना अंगणात बुटांचा आवाज आला. जेलर साहेब स्वतः, मागे कारकून. खिडकीतून माझं तोंड दिसल्यावर साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं.

"बाई! तुम्ही आत काय करताय? चावी कुठाय?"

मी आधीच ठरवून ठेवलं होतं. "चावी घेऊन आत आले साहेब. चूक झाली. आतून दार लावून घेतलं आणि चावी संडासात पडली."

"संडासात?"

"भोकात. हात घालून बघितला, लागत नाही."

मागे कुणीतरी फुसकन हसलं, पण साहेबांना हसू येण्यासारखी परिस्थिती नव्हती. त्यांनी कारकुनाला पळवलं, फाटकाजवळच्या फळीवरची दुसरी चावी आणायला. ती आली. लागेना. उलटी घातली, सुलटी घातली, तेल सोडलं. ती लागणारच नव्हती. ती या कुलपाआधीच्या कुलपाची होती, आणि दर महिन्याला 'दुसरी चावी बरोबर आहे' अशी सही मी करत होते. माझ्या आधी जी होती तीही न बघताच करायची. फळीवर चावी टांगलेली दिसली की झालं.

शेवटी लोखंड कापणारा माणूस बोलावला. त्याने ठिणग्या उडवत कुलूप कापलं. दार धाडकन उघडून भिंतीवर आपटलं आणि मी बाहेर आले. पाय इतके सुन्न झाले होते की अंगणात दोनदा अडखळले. साहेब दात-ओठ खात म्हणाले, "तुमच्याकडे नंतर बघतो. आधी या दाराला साखळी लावा. मॅडम पोचतायत."

मला त्या क्षणी फार बरं वाटत होतं. एखादा मेमो मिळेल, फार तर एक पगारवाढ जाईल. ती गेली ना? गेली. मला आणखी काही नको होतं.

अडीचला मोठ्या मॅडम आल्या, वेळेआधीच. फाटकाच्या खोलीत त्यांना बसवलं, मला हजर राहायला सांगितलं. कापलेल्या कुलपाचा खुलासा देऊन झाल्यावर साहेब त्यांना आकडे सांगत होते. तेवढ्यात बाहेरून लहान दारावर थाप पडली. एक, दोन, तीन.

थाप मी ओळखली.

फाटकावरच्या शिपायाने झरोका उघडला. "काय गं? सुटलीस ना? परत कशाला आलीस?"

"बाईंना भेटायचंय. पाच मिनिटं."

"आज नाही, पाहणी आहे. जा."

"मग हे तेवढं त्यांना द्या," ती म्हणाली आणि झरोक्यातून हात आत घातला. हातात चावी होती. ती बोटभर लांबीची, काळी, जुनी चावी खोलीतल्या सगळ्यांना दिसली.

मॅडमनी मान वळवली. "तिला आत घ्या."

ती आत आली. हातात कापडाची पिशवी, पायात कुणाच्या तरी मोठ्या चपला. तिला धाप लागली होती. नंतर तिने मला सांगितलं, की ती गाडीत बसली होती, खिडकीपाशी जागासुद्धा मिळाली होती. गाडी निघाली आणि तिला वाटलं, माझ्या पोलक्यात एकसष्ट बायका आणि एक शिपाई बंद आहे. कुठे आग लागली तर? ती पुढच्या नाक्यावर उतरली आणि चालत परत आली. मी मेमोवर सुटलेय, दार कापलंय, हे तिला कुठून कळणार?

"ही चावी कशाची?" मॅडमनी विचारलं.

"महिला बराकीची."

मॅडमनी साहेबांकडे बघितलं. "कुलूप का कापलं, तर चावी संडासात पडली म्हणून. असंच सांगितलंत ना मला आत्ता?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. कारकून भिंतीकडे बघत होता. सुटकेच्या वहीत शिंपिणीच्या नावापुढे 'झडती घेतली' असं लिहून खाली त्यानेच माझी सही ठोकली होती.

शिंपिणीने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. ती हुशार बाई. मी काहीतरी खोटं सांगून बसलेय आणि ते तिच्या हातातल्या चावीने उघडं पडलंय, हे तिला कळायला वेळ लागला नाही.

"मी चोरली," ती म्हणाली. "सकाळी बाईंच्या कमरेची काढली. त्यांना ठाऊक नव्हतं. संडासात पडली असेल असं वाटलं असेल त्यांना."

"काय बोलतेस, कळतंय का तुला?" मॅडम म्हणाल्या. "ही नवीन केस होईल. आजच्या आज परत आत जाशील."

"कळतंय."

"का चोरलीस?"

त्याला उत्तर तिने शोधलं नव्हतं.

आणि मी गप्प राहिले. हे मी सांगणारच आहे, कारण ते खरं आहे. तोंड उघडायचं होतं आणि उघडलं नाही. आठ महिने, आठ महिने, एवढंच डोक्यात वाजत होतं. मॅडमनी कागद पुढे ओढला. साहेबांनी मान हलवली. फाटकावरच्या शिपायाने आतल्या दाराची चावी काढली, शिंपिणीच्या दंडाला धरलं, आणि ती चालायला लागली. पिशवी छातीशी धरून, खाली मान घालून, गणतीच्या रांगेत चालायची तशी. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी बोलावं अशी तिची अपेक्षाच नव्हती. तेच मला सोसलं नाही.

"सोड तिला!" मी ओरडले.

सगळे दचकले. मीही.

"चावी मी दिली. रोज देते. दिवसातून तीन वेळा, चौदा महिने. ती बाहेर बसते आणि मी आत जाते. हिने चौदा महिन्यांत एकदाही थाप ऐकली नाही असं झालं नाही. आज तुमच्या कारकुनाने हिला ओढत नेलं म्हणून चावी बाहेर गेली. संडासाचं मी खोटं सांगितलं."

"बाई, विचार करून बोला," जेलर साहेब हळूच म्हणाले. त्यात धमकी होती आणि थोडी काळजीही.

"विचारच करत होते साहेब, म्हणून इतका वेळ लागला. दुसरा शिपाई कुठाय? तुम्ही सांगा मॅडम, चावी कुणाकडे द्यायची होती मी? फळीवरची दुसरी चावी लागत नाही, तिच्यावर बरोबर आहे अशी सही माझी. तीही लिहा. अठराच्या जागेत बासष्ट आहेत तेही लिहा. आज मी दोन तास त्यात बसलेय. दीड हात जागा येते एकीला, मोजून बघा हवं तर!"

शेवटी शेवटी माझा आवाज फाटला. मॅडमनी सुटकेची वही मागितली, झडतीखालची सही बघितली, कारकुनाकडे बघितलं. तो म्हणाला, "मॅडम, तीन टेबलं..."

लिहिणं झालं. मॅडमनी वाचून दाखवलं. चावी शिपायाने स्वतः दिली, कैद्याने ती परत आणून दिली, तिच्यावर काही नाही, ती जाऊ शकते. शिपाई उद्यापासून निलंबित.

"उद्यापासून," साहेबांनी घाईने विचारलं, "म्हणजे संध्याकाळची गणती...?"

"मग दुसरं कोण आहे तुमच्याकडे?" मॅडम म्हणाल्या. "आजची याच करतील."

मी सही केली.

पण शिंपीण जाईना. फाटकाच्या लहान दारात उभी राहिली. बाहेर रस्ता, ऊन, एक सायकलवाला. पाचच्या गाडीला वेळ होता. तरी ती मागे वळून मॅडमना म्हणू लागली, "ते खोडा. मी चोरली असं लिहा. त्यांचे आठ महिने राहिलेत. घरी नवरा पडलाय, सासू आंधळी आहे. मला काय, मला सवय आहे."

"अगं, जा," मी म्हटलं.

"नाही बाई. मी परत आलेच नसते तर तुमचं सगळं नीट झालं असतं. माझ्यामुळे झालं."

"तुझी मुलगी वाट बघतेय."

"बघू दे. अकरा वर्षं बघितली, अजून चार महिने बघेल." ती रडायला लागली आणि लहान दाराची चौकट तिने दोन्ही हातांनी धरली. शिपायाला कळेना, हिला बाहेर ढकलावं की आत ओढावं. साहेबांनी तोंड फिरवलं. हिने आणखी दोनदा 'मी चोरली' म्हटलं असतं तर मॅडमनी कागद पुन्हा पुढे ओढला असता, आणि मला परत एकदा विचार करायला वेळ मिळाला असता. तो मला नको होता. माझा मला भरवसा नव्हता.

मी ताठ उभी राहिले आणि गणतीच्या आवाजात, तीस वर्षांचा सगळा दम काढून ओरडले, "ए! काय उभी राहिलीस? हात खाली! चल, पुढे हो!"

तिचे हात चौकटीवरून सुटले. डोकं खाली गेलं. अकरा वर्षांच्या सवयीने ती वळली आणि चालायला लागली, उंबरा ओलांडून, रस्त्यावर. रस्ता सगळा मोकळा होता तरी ती जेलच्या भिंतीला धरून कडेकडेनेच गेली. त्या मोठ्या चपला फटक फटक वाजत होत्या. मी झरोक्यातून बघत राहिले आणि कोपऱ्यावर ती दिसेनाशी झाली तेव्हा मला रडू आलं. शिपायाने विचारलं, "बाई, दार लावू का?" मी म्हटलं, लाव.